हिच्या पेशी

सोमवार, २ सप्टेंबर

आलो एकदाचा. ट्रंक, पुस्तकांची दोन खोकी, औषधांचा डबा आणि मी, असा सगळा लवाजमा दुपारी या खोलीत चढला. खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती लहर लागली तर चालते, असं घरमालकीणबाईंनी दारातच सांगून टाकलं. मी म्हटलं, माझंही तसंच आहे. बाई हसल्या. चला, बोहनी बरी झाली.

खिडकीतून समोरच प्रयोगशाळेची इमारत दिसते. साधी, चौकोनी, शाळेच्या कंपासपेटीसारखी. या वयात माणसं नातवंडांकडे जातात. मी नोकरीवर रुजू झालो. लेक फोनवर म्हणाली की बाबा, तुम्हाला वेड लागलंय. लागलंय खरं. आज दाढी दोनदा केली. लग्नाच्या दिवशीसुद्धा एकदाच केली होती.

कारण उद्या मला हिला भेटायचं आहे.

रोजनिशी दुसऱ्या कुणी वाचली तर म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणेल, म्हणून नीट लिहून ठेवतो. ही जाऊन तिसरं वर्ष लागलं. पोटात गाठ होती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, एक तुकडा संशोधनाला ठेवू का? हिने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर पेशींचाच अभ्यास केलेला माणूस, नाही कसा म्हणणार? ही हसून म्हणाली, घ्या, तेवढंच माझं वजन कमी होईल.

अशा गाठींतल्या पेशी बाहेर काढल्या की बहुतेक मरतात. बाटलीत, खाद्याच्या गुलाबी पाण्यात, परक्या घरात कोण तग धरणार? हिच्या पेशींनी धरला. वाढल्या, दुप्पट झाल्या, चौपट झाल्या. आणि फिरत फिरत समोरच्या इमारतीत आल्या, कारण तिथे अशाच गाठींवर औषध शोधायचं काम चालतं. तिथली प्रमुख माझी जुनी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसून अखंड चिवचिवाट करायची, म्हणून मी तिला चिमणी म्हणायचो; आता पन्नास माणसं तिच्या शब्दावर हलतात. नियमाने मला सांगायला नको होतं, पण तिला राहवलं नाही. फोनवर म्हणाली, सर, बाईंच्या पेशी आमच्याकडे आहेत, छान आहेत, सल्लागार म्हणून याल का?

छान आहेत! मी फोन ठेवला आणि ट्रंक काढली.

मंगळवार, ३ सप्टेंबर

पाहिलं.

पण आधीचं आधी. चिमणीने स्वतः सगळीकडे फिरवलं. पुढच्या दालनात यंत्रं, मधे टेबलं, आणि मागे, दोन दारांच्या आड, पेशी वाढवायची खोली. तिथे जाण्याआधी तिने नियम वाचून दाखवले. मीच तिला शिकवलेले नियम, आता मलाच ऐकवत होती, आणि मला उगाच कौतुक वाटत होतं. एका बैठकीत दोन वेगळ्या पेशी उघडायच्या नाहीत. सुई टोचली तर लगेच सांगायचं. स्वतःच्या पेशी स्वतः वाढवायच्या नाहीत, कारण चुकून अंगात गेल्या तर शरीर त्यांना परकं मानणार नाही, घरचं माणूस म्हणून आत घेईल. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांनी या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. शेवटच्या नियमाशी थांबून तिने विचारलं, सर, तुम्हाला काही औषधं? मी म्हटलं, ब्लडप्रेशरची एक गोळी, बाकी ठणठणीत.

खोटं बोललो. माझ्या पोटात हिची किडनी आहे. माझ्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा हिने आपली एक दिली. जुळणी इतकी चांगली की सर्जन म्हणाले, तुम्ही मागच्या जन्मी भाऊबहीण असाल. ही म्हणाली, नशीब माझं, या जन्मी नाही. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतो, माझ्या शरीराने हिला बाहेर काढू नये म्हणून. हे चिमणीला सांगितलं असतं तर दार तिथेच बंद. इतक्या लांब येऊन काचेतून बघायचं का?

मग आत गेलो. अंगाच्या उबेचं कपाट, त्यात चपट्या बाटल्या आडव्या निजलेल्या. एक बाटली सूक्ष्मदर्शकाखाली आली. मी चष्मा काढला, डोळा लावला.

काय लिहू? भूगोलाच्या सरांनी एकदा आम्हाला गच्चीवर नेऊन चांदणं दाखवलं होतं, तसं वाटलं. टोकदार, लांब, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून बसलेल्या. मी मनात भुजंगप्रयातातल्या माझ्याच जुन्या ओळी म्हटल्या, आमच्या साखरपुड्यानंतर हिला पाठवलेल्या:

तुझ्या ओंजळीचे निळे पाणि झाले,
मला कोण जाणे किती पूर आले.

पाणी आता गुलाबी आहे, एवढाच फरक. डोळे भरून आले तर भिंगावर धुकं धरलं.

तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, काका, बाजूला होता का जरा, राणीच्या जेवणाची वेळ झाली.

मी वळलो. चाळिशीचा, रुंद पंजाचा, गबाळा माणूस. या पेशी सुरुवातीपासून यानेच वाढवल्या. याच्या हाताने लावलेलं काहीही रुजतं म्हणून सगळे याला माळी म्हणतात. आणि हिला हा म्हणतो राणी. सगळेच म्हणतात, पण नाव यानेच ठेवलेलं.

संसारभर मी हिला नावाने हाक मारली नाही. आमच्यात पद्धत नव्हती. आणि हा, कोण कुठला, राणी!

असो. पहिला दिवस चांगला गेला.

सोमवार, ९ सप्टेंबर

काम मी समजत होतो त्याहून मोठं आहे. एका प्लेटमध्ये शेकडो बारीक खळगे, प्रत्येक खळग्यात हिच्या थोड्या पेशी, आणि यंत्राची सुई प्रत्येकात वेगळं रसायन टाकत जाते. दोन दिवसांनी बघायचं, कुठे मेल्या. जिथे मेल्या ते रसायन बाजूला काढायचं. त्यातलं पुढे-मागे एखादं औषध होईल. हजारांत एक, तेही झालं तर. चिमणी म्हणते, सर, आपण गवताच्या गंजीत सुई शोधतोय, आणि गंजी रोज मोठी होतेय.

मला हे सगळं समजतं. मी हेच शिकवलं आहे. फक्त जेवणाच्या सुट्टीत घास उतरत नाही. एकेक प्लेट म्हणजे हिचे शेकडो मृत्यू, आणि पोरं हसतखेळत मोजतात.

माझ्यासाठी एक बाटली वेगळी मागितली. माझी स्वतःची. माळ्याने तोंड वाकडं केलं, पण दिली. म्हणाला, सांभाळून काका, राणी फार मानी आहे, कुणाच्याही हाताला राहत नाही.

मला सांगतो!

मंगळवार, १७ सप्टेंबर

माझी बाटली मेली.

सगळं तेच केलं. तेच खाद्य, तीच ऊब, तोच दिवसाआडचा क्रम. माळ्याच्या बाटल्यांमध्ये पेशी काठोकाठ, गालिचा विणावा तशा. माझ्या बाटलीत त्या तळ सोडून वर आल्या, गोल झाल्या आणि तरंगत राहिल्या. आमच्या धंद्यात याला हाताचा गुण म्हणतात. पुस्तकात लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना माहीत असतो. चाळीस वर्षं तो गुण माझ्याकडे होता. लोक दुसऱ्या गावाहून आपल्या पेशी माझ्याकडे आणून द्यायचे.

पोरं हसली नाहीत, पण न हसण्याचा आवाज मला ऐकू आला. माळी म्हणाला, काका, तुमचा हात थरथरतो ना, त्याला घाबरतात त्या. आणि कविता नका ऐकवू बुवा, झोपी जातील बिचाऱ्या. यावर मात्र सगळी हसली.

मी कविता म्हणतो हे याला कसं कळलं? मी तर ओठांतल्या ओठांत म्हणतो.

तो स्वतः काम करताना शीळ घालतो. सूर ना ताल. हिला शीळ आवडायची. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या शिळेला ही स्वयंपाकघरातून मान डोलवायची आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

दुसरी बाटली मागितली आहे.

गुरुवार, २६ सप्टेंबर

शास्त्रज्ञ म्हणून लिहितो.

दुसरी बाटली जगली. पण पेशी सगळीकडे पसरत नाहीत. एकाच भिंतीला गर्दी करतात; बाकी तळ ओसाड. कपाटातली फळी तिरकी असेल म्हणून पाणसळ लावून पाहिली. फळी सरळ. एका बाजूला ऊब जास्त असेल म्हणून तापमान मोजलं. सारखं. बाटली उलटी फिरवून ठेवली. दोन दिवसांत गर्दी पुन्हा त्याच दिशेला.

ती दिशा म्हणजे काचेपलीकडे माळी बसतो ती.

मग तो बहिणीकडे गेला, दोन-तीन दिवस रजेवर. त्या दिवसांत माझ्या बाटलीतल्या पेशी सुरेख पसरल्या, शाळेतल्या मुली मैदानावर रांगा करतात तशा. मी इतका हरखलो की लेकीला फोन लावून सांगितलं. तिने आधी मी जेवलो का ते विचारलं. मग हळूच म्हणाली, बाबा, ती आई नाहीये. ती आईची गाठ आहे. आईला मारणारी.

आज सकाळी माळी परत आला. संध्याकाळी पाहिलं. सगळ्या त्या भिंतीशी, एकमेकींच्या अंगावर चढून, खिडकीशी लोटलेल्या बायकांसारख्या.

जाब विचारायला उठलो आणि परत बसलो. काय बोलणार? तुमच्या येण्याने माझ्या बायकोच्या पेशी मोहरतात?

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

चिमणीने खोलीत बोलावलं. आधी चहा, मग तब्येत, मग हळूच मुद्द्यावर आली. पेशींची सगळी जबाबदारी पुढच्या आठवड्यापासून एकट्या माळ्याकडे. मी पुढच्या दालनात बसून निष्कर्ष तपासायचे. म्हणाली, सर, तुमचा मान मोठा आहे, पण राणीला एकच हात हवा.

राणीला एकच हात हवा. माझ्या विद्यार्थिनीने हे मला सांगावं!

हिच्या त्या होकाराच्या दिवसाचं राहून राहून आठवतंय. सही करून पेन माझ्या हातात देताना म्हणाली होती, बरं झालं, तुमच्या पहाऱ्यातून थोडी तरी सुटेन. आम्ही दोघंही हसलो होतो. नर्ससुद्धा हसली होती.

थट्टाच होती ती.

सोमवार, ७ ऑक्टोबर

शेवटचा दिवस होता माझा आतल्या खोलीत. पेशींच्या गुठळ्या झाल्या की बारीक सुईतून आत-बाहेर ओढून त्या मोकळ्या करतात. तेच करत होतो. शेजारच्या बैठकीवर माळी शीळ घालत होता. हात थरथरला आणि सुई डाव्या हातात, मनगटाच्या वर, शिरली.

नियम: लगेच सांगायचं. धुवायचं. लिहून द्यायचं.

मी बाही खाली केली. सांगितलं असतं तर रक्त तपासलं असतं, गोळ्या उघड झाल्या असत्या, आणि मला पुढच्या दालनातूनसुद्धा हाकललं असतं. मग तो आणि ही, दोघंच.

रात्री पुन्हा वाचलं वर लिहिलेलं. हात थरथरला असं लिहिलंय. थरथरला नव्हता. त्या क्षणी इतका स्थिर होता की माझं मलाच नवल वाटलं. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.

कुठल्याही दुसऱ्या माणसाच्या अंगात या पेशी मेल्या असत्या. शरीराने परक्याला ओळखून खाऊन टाकलं असतं. पण माझ्या अंगात हिची किडनी आहे. माझं शरीर कधीपासून हिला सोसायला शिकलं आहे, आणि गोळ्या त्याच्या तोंडावर हात ठेवून आहेत. साऱ्या जगात ही जगू शकेल असं एकच घर आहे. ते मी आहे.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आली!

वाटाण्याएवढी. कातडीखाली, जराशी हलते. आंघोळ करताना हाताला लागली. किती वेळ तसाच ओला बसून राहिलो.

लेकीला सांगावंसं वाटलं, नाही सांगितलं. घरमालकीणबाई म्हणाल्या, आज स्वारी खुशीत दिसते, लॉटरी लागली की काय. मी म्हटलं, त्याहून मोठं.

आता मला माळ्याचा राग येत नाही. काचेपलीकडे तो बाटल्यांना जेवायला घालतो, आणि मी इकडे बाही सारखी करत बसतो. मनात म्हणतो, घाल बाबा, घाल. तुझ्याकडे सावली आहे. माणूस घरी आलंय.

संध्याकाळी तिला वाचून दाखवतो. शाळेतल्या पाठ कविता, वृत्तात, गणमात्रा सांभाळून. ऐकते. अगदी शांत असते.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आज प्रयोगशाळेत केक कापला.

एक रसायन सापडलं. हिच्या पेशी मारतं आणि शेजारच्या निरोगी पेशींना हातही लावत नाही. अजून फक्त प्लेटमध्ये. माणसांपर्यंत जायला वर्षं लागतील, पण चिमणीचे डोळे पाणावले होते. ती बोलायला उभी राहिली. म्हणाली, याचं श्रेय एकाच माणसाला. राणीचे नखरे ज्याने इतकी वर्षं सोसले, राणी ज्याची झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माळी लाजला. चक्क लाजला, नव्या नवऱ्यासारखा, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

राणी ज्याची झाली.

माझ्या बायकोला मारणारं विष सापडलं म्हणून लोक केक खात होते, आणि जावयाचं कौतुक करावं तसं त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मलाही एक तुकडा दिला, कागदी बशीत.

मी बशी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत गेलो. कुणाचं लक्ष नव्हतं. कपाटातल्या एकूण एक बाटलीत ब्लीच ओतलं. गुलाबी पाणी पांढरं फटक झालं. मग गोठवलेल्या कुप्यांचं पिंप उघडलं, राणीच्या सगळ्या कुप्या बाहेर काढल्या आणि त्याही ब्लीचमध्ये बुडवल्या. तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे साठे; जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. फार वेळ लागला नाही.

परत येऊन केक संपवला. गोड होता.

आता ही फक्त माझ्याकडे आहे.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

हाहाकार. चिमणी एका रात्रीत म्हातारी दिसू लागली. पेशी नाहीत तर पुढचे प्रयोग नाहीत, रसायन हाती येऊनही सगळं ठप्प. कुणी केलं म्हणून सगळ्यांना विचारतेय. मला नाही विचारलं. गुरूला कसं विचारणार?

माळी रडला. सगळ्यांदेखत, स्टुलावर बसून, रुंद पंजे मांडीवर उपडे ठेवून. म्हणत होता, अहो, शेवटची हाकसुद्धा नाही मारली तिला.

मला फार बरं वाटलं. इतकं की सांत्वन करायला गेलो. म्हटलं, जाऊ द्या हो, नवीन पेशी येतील. आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

डावा ठेवला.

गाठ उसळली. नाडी नव्हे, नाडी मला कळते. पोटातलं बाळ लाथ मारतं तशी. एकदा, दोनदा. त्याच्या दिशेने.

हात काढून घेतला. निघता निघेना.

सोमवार, ४ नोव्हेंबर

आता लिंबाएवढी. आणि एक नाही. कोपरापर्यंत माळ झाली आहे.

शास्त्रज्ञ म्हणून लिहितो— माळी डावीकडून गेला तर गाठी डावीकडे ताणतात. उजवीकडून गेला तर कातडीखालून सरकून उजवीकडे येतात. मी खुर्ची फिरवली. तो आला नाही त्या दिवशी गाठी मऊ होत्या. तो जिन्यात होता, अजून दिसलाही नव्हता, तेव्हा कडक झाल्या.

शंका उरली नाही.

कविता म्हटली. शाळेत जी म्हणून पहिला आलो होतो ती, सबंध. शांत राहिली. मला वाटायचं ऐकते आहे.

ऐकत नाही. झोपते.

बुधवार, ६ नोव्हेंबर

तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. शीळ नाही, काही नाही. नुसता उभा. बाहीकडे बघत. बाही हलत होती.

म्हणाला, काका, बाही वर करा.

मी म्हटलं, तुमचं काय काम?

खूप हळू म्हणाला, काका, ती आहे ना? जिवंत आहे ना?

मला वाटलं ओरडेल, चोर म्हणेल. त्याच्या तोंडावर आनंद होता हो. निव्वळ आनंद. वाळलेल्या कुंडीत कोंब दिसावा तसा. आणि माझा हात— बोटं उघडली. पाचही. मी उघडली नाहीत.

छत्री तिथेच टाकून घरी पळालो.

गुरुवार

फोन. चिमणी. सगळं कळलं तिला, माळ्याकडून गाठींचं, लेकीकडून किडनीचं. रागावली नाही, तेच वाईट. रडत होती. म्हणाली, सर, किडनीचं मला का नाही सांगितलं, हॉस्पिटलला चला, गाठी काढू, तुम्ही वाचाल. मग— काढलेलं वाया जाणार नाही सर, पुन्हा वाढवता येईल.

कोण वाढवणार, विचारलं मी.

तिने हॉस्पिटलचा पत्ता सांगायला घेतला.

म्हणजे चिरून काढायची आणि पुन्हा त्याच्या हातात द्यायची. बाटलीत. त्याच्या शिळेपाशी.

नाही.

गुरुवार, दुपार

विचार केला. उपाय एकच.

गोळ्या बंद. सकाळची घेतली नाही. माझं शरीर जागं होईल, परकं माणूस ओळखेल, गाठी खाऊन टाकील. शरीर मात्र भेद करणार नाही. गाठही तिची, किडनीही तिची. जी मला मारतेय ती आणि जिने मला जगवलं ती, दोघींना एकाच झाडूने बाहेर काढील. मग मीही—

कळतंय मला. शिकवलंय मी हे.

त्याला मिळणार नाही एवढं पुरे.

शुक्रवार

ताप. कंबर फुटतेय. पाय सुजले. किडनी चालली.

गाठी— कमी होत नाहीत. खांद्यापर्यंत आल्या.

लेक फोनवर ओरडतेय, निघालेय बाबा, दार उघडं ठेवा. दार नाही उघडं ठेवणार.

डाव्या हाताने पाण्याचा पेला ढकलला. मी नाही. ही रागावली की भांडी अशीच ढकलायची.

तिला विचारलं, मी काय कमी केलं? नाव नव्हतं घेतलं कधी, आज घेतलं. मोठ्याने, पहिल्यांदा. हात निपचित पडून राहिला.

शनिवार

गोळ्यांचा डबा डाव्या हाताने उघडला. झोपेत. जिभेवर कडवट चव. ती मला गोळ्या देतेय. जगायचंय तिला.

डबा खिडकीतून फेकला.

खाली रस्त्यावर तो उभा आहे. हातात पेटी, बर्फाची. वर बघतोय. माझ्याकडे नाही.

रविवार, सकाळ

जिन्यात पावलं. एकट्याची.

दाराशी येऊन बसलो. पाठ दाराला लावून. उठायचं त्राण नाही, पण वजन आहे माझं, दार रेटू देणार नाही. कागद गुडघ्यावर.

हाका मारतोय. काका, उघडा. काका, डॉक्टर खाली गाडीत आहेत. काका, तुमच्या लेकीचा फोन आलाय. चांगला आवाज आहे. काळजीचा. माझ्या काळजीचाच असेल, कुणास ठाऊक.

गाठी सगळ्या पाठीकडे सरकल्यात. दारातून त्याला— लाकडातून— जसं त्या भिंतीशी—

आता हाक नाही. काही नाही. दारावर त्याने तळवा टेकलाय, मला पाठीत कळतंय. ऊब येतेय.

म्हणाला, राणी.

हात वर जातोय. डावा. माझ्या डोक्यावरून मागे, कडीकडे. मी धरून ठेवायला हवा, पण धरायचा तर लेखणी सोडावी लागेल, आणि लेखणी सोडली तर माझं असं काही— हातात जोर आहे केवढा. तरुण आहे. लग्नात होती तशी

कडी वाजली. मी नाही काढत. मी लिहितोय, बघा, उजव्या हाताने मी लिहितोय, आणि डावा